तत्त्वज्ञानाचे आंतरजालावरील वाचन: एका प्रश्नापासून सुरुवात

तत्त्वज्ञान वाचायचे मनात आले की पुष्कळ जण ‘वाचायलाच हवीत अशी पुस्तके’ या धर्तीच्या याद्या शोधतात आणि यादी उतरवून घेतल्यावर वाचन तिथेच थांबते. त्याऐवजी एखादा प्रश्न हाती घ्यावा. सूर्य आजवर रोज उगवला, एवढ्यावरून तो उद्याही उगवेल असे म्हणायला आधार कोणता, हा अठराव्या शतकातील स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा प्रश्न येथे उदाहरणादाखल घेऊ.

शोध घेण्याआधी संज्ञा पक्क्या कराव्यात. हा प्रश्न ‘इंडक्शन’चा, म्हणजे पाहिलेल्या उदाहरणांवरून न पाहिलेल्यांविषयी निष्कर्ष काढण्याचा आहे. ‘इंडक्शन’ला मराठीत ‘विगमन’ म्हणतात, तर हिंदीत ‘आगमन’; हे ठाऊक नसेल तर हिंदीतील पाठ्यसामग्री समोर असूनही ओळखू येत नाही. ‘निगमन’ हा शब्द तर आणखी फसवा आहे, कारण आधुनिक तर्कशास्त्रात तो ‘डिडक्शन’साठी, म्हणजे गृहीत विधानांतून अपरिहार्यपणे निघणाऱ्या निष्कर्षासाठी रूढ असला तरी न्यायदर्शनात तो पंचावयवी वाक्याचा, म्हणजे पाच भागांत मांडलेल्या अनुमानाचा, पाचवा अवयव आहे. अशा वेळी भाषा संचालनालयाचा तत्त्वज्ञान व तर्कशास्त्र परिभाषा कोश उपयोगी पडतो.

पहिले वाचन मराठी विश्वकोशात करावे. व्यक्तींच्या नोंदी तेथे आडनावाने लावलेल्या असतात, म्हणून ‘डेव्हिड’ऐवजी ‘ह्यूम’ शोधावे. विश्वकोशाचा पहिला खंड 1976 साली निघाला, त्यामुळे अनेक नोंदींचे संदर्भग्रंथ जुने आहेत. मात्र विषयाची मांडणी आणि मराठी परिभाषा यांसाठी त्या आजही भरवशाच्या वाटतात.

त्यानंतर इंग्रजीत जावे आणि तेथे स्टॅनफर्डच्या तत्त्वज्ञान कोशाला पर्याय नाही. 1995 पासून चालू असलेल्या या कोशातील नोंदी त्या त्या विषयाचे अभ्यासक लिहितात, इतर तज्ज्ञ त्या तपासतात आणि वाचनासाठी पैसे पडत नाहीत. विगमनाच्या समस्येवरची नोंद लांबलचक असून तिच्यात पुढे संभाव्यतेचे गणितही येते. पहिल्या वाचनात प्रास्ताविक आणि ह्यूमवरचा भाग एवढेच वाचून थेट शेवटच्या ग्रंथसूचीकडे गेले तरी चालते. नोंदी वेळोवेळी सुधारल्या जातात, म्हणून लेखनात संदर्भ देताना चालू पानाचा पत्ता न देता कोशाच्या त्रैमासिक संग्रहित आवृत्तीचा द्यावा. ही नोंद जड वाटली, तर ‘इंटरनेट एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी’ तुलनेने सोपा आहे.

आता मूळ ग्रंथ. ह्यूमचा ‘अ‍ॅन एन्क्वायरी कन्सर्निंग ह्यूमन अंडरस्टँडिंग’ हा 1748 सालचा ग्रंथ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत मिळतो आणि आपला प्रश्न त्याच्या चौथ्या प्रकरणात आहे. अठराव्या शतकातील इंग्रजी पेलत नसेल तर जोनाथन बेनेट यांनी ‘अर्ली मॉडर्न टेक्स्ट्स’ या स्थळावर केलेली सुलभ रूपे पाहावीत. त्यांनी स्वतः घातलेले शब्द बारीक टिंबांमध्ये दाखवले आहेत. अवतरण मात्र नेहमी मूळ संहितेतूनच घ्यावे.

येथवर आलेल्या मराठी वाचकाने चार्वाकांना, म्हणजे फक्त प्रत्यक्ष अनुभवालाच प्रमाण मानणाऱ्या भारतीय विचारवंतांना, वगळणे हे करंटेपणाचे होईल. माधवाचार्यांच्या चौदाव्या शतकातील ‘सर्वदर्शनसंग्रहा’चे पहिलेच प्रकरण चार्वाकदर्शनाचे आहे. धूर आणि अग्नी यांची व्याप्ती, म्हणजे ‘जेथे धूर तेथे अग्नी’ हा अपवादरहित संबंध, प्रत्यक्षाने कळत नाही, कारण भूत व भविष्यातील सगळे धूर कोणी पाहिलेले नाहीत. अनुमानाने कळते म्हणावे तर त्या अनुमानाला पुन्हा दुसरी व्याप्ती लागते, असा आक्षेप तेथे येतो. वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांच्या संस्कृत टीकेसह भांडारकर संस्थेने 1924 साली काढलेली आवृत्ती आणि कॉवेल व गफ यांचे इंग्रजी भाषांतर इंटरनेट आर्काइव्हवर शोधावे. तेथील जुन्या भारतीय पुस्तकांची नावे बहुधा रोमन लिपीत आणि मनमानी वर्णलेखनात नोंदलेली असतात, म्हणून नावाची दोन-तीन रूपे आणि संपादकाचे आडनाव घालून पाहावे. शिवाय येथे चार्वाकमत पूर्वपक्ष म्हणून, म्हणजे खंडनासाठी मांडलेले आहे, हे वाचताना विसरू नये.

शोधनिबंधांची वेळ याच्या नंतर येते. ‘फिलपेपर्स’ ही 2009 पासूनची सूची विषयवार आहे. निबंध सशुल्क नियतकालिकात असला, तरी ‘फिलआर्काइव्ह’वर लेखकाने स्वतः ठेवलेली प्रत पुष्कळदा सापडते. मात्र तिचे पृष्ठांक छापील निबंधाशी जुळतीलच असे नाही, म्हणून ते तपासल्याखेरीज तळटिपेत घालू नयेत.