स्वतःच्या गेमसाठी ॲफिलिएट नेमताना: कमिशन किती आणि कधी द्यावं

गेम तयार आहे, ट्रेलर आहे आणि स्वतःच्या साइटवर विक्रीचं पान चालू आहे, असं धरून चालतो. ॲफिलिएट म्हणजे आपल्या लिंकमधून तुमची विक्री करून देणारा आणि त्यावर कमिशन घेणारा माणूस. स्टीम या व्हॉल्व्ह कंपनीच्या ऑनलाइन गेम-दुकानाचा स्वतःचा ॲफिलिएट कार्यक्रम नाही. त्यामुळे पुढचं सगळं तुमच्या साइटवरच्या थेट विक्रीबद्दल आहे.

विक्रीसाठी लेमन स्क्वीझी किंवा गमरोड यांपैकी एखादी सेवा घ्या. ॲफिलिएटची सोय त्यांच्यात आधीपासूनच असते, वेगळी यंत्रणा जोडत बसू नका.

मग कमिशन ठरवा. ‘डिजिटल मालाला खर्च नसतो, निम्मे पैसे देऊन टाका’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. गेम 15 डॉलरचा धरा. स्टीम 30 टक्के कापून घेतं, म्हणजे हातात साडेदहा उरतात. लेमन स्क्वीझीची मूळ फी 5 टक्के अधिक 50 सेंट, म्हणजे सव्वा डॉलर. त्यावर 25 टक्के कमिशन दिलंत तर पावणेचार गेले आणि उरले 10. परदेशी कार्ड असेल तर आणखी थोडे कमी. म्हणजे पंचवीस दिलेत तरी स्वतःच्या दुकानात स्टीमपेक्षा थोडं कमीच कमावता. मी 20 देतो, आणि ज्यांच्याकडून वर्षभर नीट विक्री येते त्यांना 25.

आता खरी अडचणीची पायरी: कमिशन कधी द्यायचं. इथे मी एकदा चांगलाच पोळलो आहे.

पहिल्या गेमच्या वेळी मी नोंदणी सगळ्यांना खुली ठेवली होती आणि दर आठवड्याला पैसे देत होतो. एका नव्या ॲफिलिएटने आठवड्यात चाळीस प्रती विकल्या. मी आनंदाने कमिशन पाठवलं. महिनाभरानंतर चार्जबॅक यायला लागले, म्हणजे कार्डधारकाच्या तक्रारीवरून बँक पैसे परत ओढू लागली, एकामागोमाग एक. कार्डं चोरीची होती. त्यांवर घेतलेल्या स्टीम की (स्टीमवर गेम उघडायचे कोड) तोवर दुसरीकडे स्वस्तात विकल्या गेल्या होत्या, आणि त्या विकत घेणारे खरे खेळाडू मला मदतीसाठी मेल करत होते. विक्रीचे पैसे परत गेले, प्रत्येक चार्जबॅकमागे 15 डॉलरचा दंड बसला, आणि दिलेलं कमिशन काही परत आलं नाही. अशा एका खोट्या विक्रीचा खड्डा भरायला दोन खऱ्या विक्री लागतात.

गोम अशी आहे की कार्डधारकाला तक्रार करायला बरेचदा 120 दिवसांपर्यंत मुदत असते. रिफंडची मुदत संपली म्हणजे पैसे पक्के झाले, असं समजू नका. माझा नियम: नव्या ॲफिलिएटचं कमिशन पहिले तीन महिने 60 दिवस राखून ठेवायचं, ओळख पटली की 30 दिवस. अटींमध्ये हे पहिल्याच ओळीत लिहा. प्रामाणिक माणूस यावर कुरकुरत नाही. जो लगेच पैसे मागतो, त्याला मी घेतच नाही.

पैसे सोडण्याआधी ऑर्डरी स्वतः डोळ्यांखालून घाला. शंभर जणांनी लिंक दाबली आणि साठ जणांनी गेम घेतला, तर थांबा. खरेदीदारांनी फक्त की उचलली आणि तुमच्या साइटवरची फाइल कोणीच उतरवली नाही, तर नक्की थांबा. माझ्या अनुभवात यापेक्षा पक्की खूण दुसरी नाही. म्हणून मी खरेदी झाल्याझाल्या फक्त डाउनलोड देतो आणि स्टीम की काही दिवसांनी, मागितल्यावर. कोणत्या ऑर्डरला कोणती की गेली याची नोंद ठेवा, म्हणजे चार्जबॅक आल्यावर ती रद्द करता येते.

कूपनच्या साइटना प्रवेश देऊ नका. गेम घ्यायचा ठरवलेला माणूस शेवटच्या क्षणी कूपन शोधतो, त्यांच्या लिंकवरून परत येतो, आणि कमिशन त्यांना जातं. ज्या स्ट्रीमरने दोन तास गेम खेळून दाखवला, त्याच्या हाती काहीच लागत नाही. हा त्याच्यावर अन्याय आहे. तुमच्या गेमच्या नावावर सर्चमध्ये जाहिरात लावायलाही अटींमध्ये मनाई करा.

ॲफिलिएट हाताने निवडा. तुमच्या गेमसारखेच गेम खेळणारे दहा छोटे चॅनल पुरेत. प्रत्येकाला स्वतः लिहा आणि गेम आधी खेळायला द्या.

किंमत स्टीमइतकीच ठेवा. की वाटताना स्टीमच्या ग्राहकाला महाग पडेल असा सौदा बाहेर करायचा नाही, ही व्हॉल्व्हची अट आहे.

लिंकमधून कमिशन मिळतं हे व्हिडिओत आणि वर्णनात स्पष्ट सांगायला लावा. भारतात ॲस्कीचे (जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था) इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम 2021 पासून आहेत.

आणि राखून ठेवलेली मुदत संपली की पैसे ठरलेल्या तारखेला न चुकता पाठवा. मी महिन्याची 5 तारीख ठरवली आहे, ती चुकवत नाही.