‘अन’, ‘डिस’, ‘मिस’ लागलेल्या इंग्रजी क्रियापदांचा अर्थ कसा लावावा

‘शी अनटाइड द रोप’ असे वाक्य आले की बरेच जण ‘तिने दोर बांधला नाही’ असा अर्थ लावतात. तो चुकतो. दोर आधी बांधलेला होता, तिने तो सोडला. चूक होण्याचे कारण मात्र अगदी समजण्यासारखे आहे. ‘अननेसेसरी’ म्हणजे अनावश्यक. विशेषणाआधीचे हे ‘अन’ आणि संस्कृतातले ‘अन्’ खरोखरच एका कुळातले, दोन्हींचा अर्थ ‘नाही’. क्रियापदाआधीचे ‘अन’ निराळ्याच मुळातून आले आहे आणि ते झालेली क्रिया उलटवते.

पहिली पायरी: उपसर्ग बोटाने झाका. उरलेल्या शब्दाचा मूळ अर्थाशी संबंध लागतो का ते पाहा. ‘डिसअपिअर’मधून ‘अपिअर’ उरते, म्हणजे दिसू लागणे. संबंध लागला. ‘डिलिव्हर’मधून ‘लिव्हर’ उरते, पण यकृताचा आणि पोहोचवण्याचा काही संबंध नाही. असा शब्द सरळ शब्दकोशात पाहावा.

दुसरी पायरी: ‘अन’ असेल तर ‘नाही’ हा शब्द न वापरता अर्थ सांगून बघा. इथे मराठी फार मदतीला येते, कारण आपल्याकडे उलट क्रियांना बहुतेक वेळा स्वतंत्र क्रियापदे आहेत. ‘अनफोल्ड’ म्हणजे घडी उलगडणे, ‘अनलोड’ म्हणजे माल उतरवणे, ‘अनपिक’ म्हणजे शिवण उसवणे. ‘उसवणे’ हा शब्द सुचला की त्यात आधी घातलेले टाके आपोआप दिसतात. ‘अनअर्थ’सारख्या शब्दात पुढे नाम असते, तिथे त्यातून बाहेर काढणे, म्हणजे जमिनीतून उकरून काढणे, असा अर्थ घ्यावा.

तिसरी पायरी: ‘डिस’ असेल तर वाक्य पूर्ण वाचा, कारण हा उपसर्ग एकाच अर्थाला बांधलेला नाही. ‘डिसकनेक्ट’मध्ये जोडलेले तोडायचे असते, ‘डिसआर्म’मध्ये शस्त्र काढून घ्यायचे असते आणि ‘डिसअग्री’मध्ये फक्त मत पटत नसते. ‘डिसओबे’चा अर्थ ‘आज्ञा मोडणे’ असाच करावा, ‘न पाळणे’ त्यापुढे फिके पडते.

‘मिस’ सोपे आहे. क्रिया होते, पण चुकते: ‘मिसरीड’ म्हणजे चुकीचे वाचणे, ‘मिसप्लेस’ म्हणजे भलत्याच जागी ठेवणे. ‘डी’ बहुधा काढून टाकते किंवा उलटवते. ‘डीफ्रॉस्ट’ म्हणजे साचलेला बर्फ घालवणे.

काही शब्द मात्र नियम मानत नाहीत, ते पाठच करावेत. ‘लूझन’ आणि ‘अनलूझन’ दोन्ही म्हणजे सैल करणे. ‘बोन’ आणि ‘डीबोन’ दोन्ही म्हणजे हाडे काढणे.

सरावासाठी ‘अनलॉकेबल’ घ्या. हे विशेषण आहे, पण त्यात दोन्ही ‘अन’ बसू शकतात. ‘अनलॉक’ला ‘एबल’ जोडले तर कुलूप उघडता येण्याजोगे. ‘लॉकेबल’ला ‘अन’ जोडले तर कुलूप लावताच न येणारे. दाराबद्दल हा शब्द आला तर आजूबाजूची वाक्ये वाचूनच ठरवावे लागेल.