जुन्या स्पोर्ट्स कारचे शॉकअप बदलताय? या चुका टाळा

“गाडी मागून बसलीय, शॉकअप गेले वाटतं.” साताऱ्यात कुठल्याही गॅरेजबाहेर हे ऐकू येतं, आणि निदान बहुतेक वेळा चुकलेलं असतं. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप फक्त तिची उसळी आवरतो. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे मागचे पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग) सपाट झाले असतील, तर कितीही महागडे शॉकअप टाका, गाडी उचलणार नाही. गॅसचे टाकले तर थोडी उचलल्यासारखी वाटेल, म्हणजे रोग झाकला जाईल.

गतिरोधकावर ‘ठक्’ असा आवाज येतो? आधी जोडांमधले रबरी बुश बघा. स्वस्तातलं काम आहे. कोपरा दाबून सोडायची चाचणीही मागच्या बाजूला फसवते, कारण पाट्यांचं एकमेकांवरचं घर्षणच गाडीला लवकर थांबवतं. त्यापेक्षा टायरवर हात फिरवा. ठिकठिकाणी खळगे लागले तर शॉकअपवर संशय घ्या. कासच्या रस्त्यावर एकाच खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डुलत राहिली तर संशय पक्का.

आता लिव्हर आर्म शॉकअप, म्हणजे बाहेर हलणारा दांडा असलेले जुन्या पद्धतीचे. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. 1962 ते 1980 या काळात बनलेल्या एमजीबीत पुढे-मागे हेच असतात, आणि पुढच्या शॉकअपचा दांडा हाच वरचा विशबोन, म्हणजे चाकाला वरून धरणारा आर्म असतो. म्हणजे तो काढून नुसता नळीचा (टेलिस्कोपिक) शॉकअप लावता येत नाही. वरच्या विशबोनची सोय असलेलं पूर्ण किटच लागतं. पण बदलायची घाई कशाला? जोडणी सोडवून दांडा हाताने हळू वर-खाली करा. विरोध शेवटपर्यंत सारखा लागला पाहिजे. मध्येच हात मोकळा सुटला तर तेल कमी आहे, हवा शिरलीय किंवा व्हॉल्व्ह गेलाय. तेल भरायचं तर आधी झाकणाभोवतीची माती साफ पुसा, आणि ब्रेक ऑइल चुकूनही ओतू नका. दांड्याच्या शाफ्टजवळून तेल झिरपत असेल तर बेअरिंग घासलंय. मग “जाड तेल घालू, थांबेल” या सल्ल्याला होकार देऊ नका. आठवडाभरात जमिनीवर पुन्हा डाग दिसतो. चांगल्या माणसाकडून तो रिकंडिशन करून घ्या.

ट्रायम्फ स्पिटफायरसारख्या नळीच्या शॉकअपवाल्या गाडीत मोहाचं कारण वेगळं असतं: बोल्ट बसला की झालं. पद्मिनीचा किंवा जीपचा शॉकअप बसवून बघणारे भेटतात. बुश जुळणं पुरेसं नाही. पूर्ण उघडल्यावरची आणि पूर्ण दबल्यावरची लांबी मोजा. शॉकअप आखूड असेल तर चाक खाली लोंबकळताना सगळा ताण त्याच्यावर येतो. लांब असेल तर बंप स्टॉपला (चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या रबराला) टेकण्याआधीच तो आतून आपटतो. एमजीबीला नळीचं किट घेतानाही हे लक्षात ठेवा. 1974 च्या अखेरीस रबरी बंपर आले तेव्हा गाडीची उंचीही वाढवली गेली, त्यामुळे किट मागवताना गाडी कोणत्या सालाची ते सांगा.

परदेशातून डब्यात बंद, ‘कधीच न वापरलेला’ जुना शॉकअप मिळाला म्हणून हुरळून जाऊ नका. रबरी सील नुसतं पडूनही कडक होतं.

आणि कडकपणा. स्पोर्ट्स कार आहे म्हणून सगळ्यात कडक शॉकअप मागवायचे, ही हौस मला कधीच पटली नाही. पसरणी घाटाच्या वळणांवर डांबर उखडलेलं असलं की कडक शॉकअपवर चाक रस्ता सोडून उड्या मारतं आणि पकड जाते. आपल्याकडे मूळ कंपनीच्या जवळपासचाच कडकपणा ठेवावा. ॲडजस्टेबल घेतले तर सगळ्यात मऊ सेटिंगवरून सुरुवात करा, थोडं-थोडं वाढवत जा, आणि एका ॲक्सलच्या डाव्या-उजव्या बाजूला आकडा सारखाच ठेवा. अर्थात शॉकअपही जोडीनेच बदला.

बसवताना मिस्त्रीच्या शेजारी उभे राहा. दांडी फिरू नये म्हणून चमकत्या रॉडला पक्कड लावली तर त्या ओरखड्याने सील फाटतं. आणि बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू देऊ नका. चाकं जमिनीला टेकवून गाडी नेहमीच्या उंचीवर आली की मगच आवळा, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.