घराच्या मूल्यांकनात स्विमिंग पूल: नव्या व्हॅल्युअरसाठी

हे काम शिकायला येणाऱ्यांना मी लवकरात लवकर पूल असलेलं एखादं घर बघायला लावतो. खर्च वेगळा आणि बाजारमूल्य वेगळं, हे तिथे जितकं लख्ख कळतं तितकं दुसरीकडे कुठे कळत नाही. मालक बांधकामाची बिलं पुढे करतो. ती जरूर बघा, पूल किती जुना आहे ते समजतं. पण रिपोर्टमध्ये जायला हवी ती खरेदीदार त्या पूलसाठी जादा मोजतात ती रक्कम, आणि ती बहुतेकदा बांधकामखर्चापेक्षा बरीच कमी निघते.

ती काढायची विक्रीच्या व्यवहारांवरून. आसपास नुकतीच विकली गेलेली दोन घरं घ्या, एकाला पूल, दुसऱ्याला नाही, बाकी होता होईल तो सारखी. समजा पूलवालं 108 ला गेलं आणि दुसरं 100 ला. म्हणजे पूलचे 8? इथेच थांबायला शिका. पूल असलेलं घर अनेकदा मोठ्या प्लॉटवर असतं, त्याची निगाही जास्त राखलेली असते. नव्या स्वयंपाकघराचे 3 आणि जादा जमिनीचे 2 बाजूला काढले, की पूलच्या वाट्याला 3 उरतात. एका जोडीवर भिस्त ठेवू नका. तीन-चार जोड्या जवळपास तेच सांगू लागल्या, तरच आकडा लिहा. जुन्या रिपोर्टमधली ठरावीक रक्कम उचलून टाकायची सवय मला अजिबात मान्य नाही. त्या रकमेवर कुणाचं तरी कर्ज ठरतं.

वजाबाकी-बेरीज नेहमी विकल्या गेलेल्या घराच्या किमतीत करायची. त्याला पूल आहे, आपण मूल्य काढतोय त्या घराला नाही, तर विकल्या गेलेल्याच्या किमतीतून पूलची रक्कम वजा.

जागेवर गेलात की पंप, फिल्टर, भेगा, कुंपण बघा. जमिनीवर नुसता मांडलेला, उचलून नेता येणारा पूल सहसा घराच्या किमतीत धरत नाहीत. हिरव्या पाण्याचा धसका घेऊ नका. अमेरिकेत एफएचए या गृहकर्जांना विमा देणाऱ्या सरकारी संस्थेचा विमा असलेल्या कर्जासाठी नुसतं शेवाळ दिसतं म्हणून पूल साफ करायची अट घालावी लागत नाही. पण पूल चालू नसेल तर त्याचं पूर्ण मूल्य धरता येत नाही, आणि बाजूच्या भिंती ढासळत्या असतील तर दुरुस्ती करा किंवा कायमचा बुजवा, अशी अट घालावीच लागते.

अंगण किती उरलं, हेही मोजा. लहान प्लॉट पूलने गिळून टाकला असेल, तर खरेदीदार तो बुजवण्याचा खर्च मनात धरूनच भाव सांगतो, आणि पूलचं योगदान शून्याखालीही जातं. थंड हवामानात, जिथे वर्षातले थोडेच महिने पोहता येतं, तिथे हे विशेष जाणवतं.

जवळपास पूल असलेलं एकही घर विकलं गेलेलं नसेल, तर थोड्या जुन्या व्यवहारांकडे किंवा तशाच दुसऱ्या वस्तीकडे वळा. तिथलीच घरं का निवडली, ते रिपोर्टमध्ये सविस्तर लिहा.