शिवताना इस्त्री: पाणी मारा, पण सुकवूनच उचला

शिवण शिकवणारे टीप कशी घालायची ते तासभर सांगतात आणि इस्त्रीचं नाव अगदी शेवटी काढतात, ‘आता छान प्रेस करून घ्या’ म्हणून. तोवर बिघडायचं ते बिघडलेलं असतं. इस्त्री पहिल्या टिपेपासून मशीनशेजारी हवी, आणि तिच्याजवळ पाण्याची बाटली. पुढचं सगळं अस्तराचं सुती ब्लाउज आणि त्याच्या गळ्याची उरेब पट्टी (म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरकी कापलेली पट्टी) डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. कुर्ता किंवा फ्रॉक शिवणाऱ्यांनीही तसंच करावं.

कापड आणि अस्तर, दोन्ही आधी भिजवा. ‘वाफेची इस्त्री फिरवली की कापड आटतं, भिजवायची गरज नाही’ असं सर्रास सांगतात. ऐकू नका. मागावर धागे ताणलेले असतात, ते पूर्ण सैल व्हायला पाण्यात मुरावे लागतात. वाफेनं थोडंसं आटतं, उरलेलं पहिल्या धुण्यात. टू बाय टूचं, म्हणजे ब्लाउजला वापरतात त्या सुती कापडाचं, अस्तर न भिजवता लावलं तर ते आत आखडतं आणि वरचं कापड फुगून राहतं. मग कितीही इस्त्री करा.

सावलीत वाळवा, दमट असतानाच काढा आणि उभ्या धाग्याच्या दिशेनं इस्त्री करा. तिरकी नको.

वाफेची इस्त्री नसली तरी काही अडत नाही. जड साधी इस्त्री आणि ओला करून घट्ट पिळलेला पंचा, एवढ्यावर उत्तम काम होतं. वाफेची असेल तर डायल दोन ठिपक्यांच्या वर हवा. एक ठिपका म्हणजे साधारण 110 अंश, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. पुरेशी तापली नसेल तर वाफेऐवजी पाणी गळतं. आणि पाणी मारण्यापूर्वी खडूच्या खुणा बघून घ्या. साध्या खडूची रेघ पाण्यानं जाते, मेणाच्या खडूचा डाग इस्त्रीनं आत मुरतो.

आता गळा. मला सगळ्यात जास्त छळलं ते यानं, आणि बहुतेकांचं ब्लाउज बिघडतं तेही इथेच.

सुती धाग्यातले रेणू एकमेकांना धरून असतात. पाणी शिरलं की ती पकड सुटते आणि कापड वळवाल तसं वळतं. इस्त्रीनं पाणी उडालं की पकड पुन्हा बसते, पण आता नव्या जागी. म्हणजे कापड सुकतं त्या क्षणी ते ज्या आकारात असेल, तोच आकार टिकतो. अर्धवट ओलं कापड उचलून शिवायला घेतलं की हातात असतानाच आकार बदलतो, आणि दोष टिपेला दिला जातो.

म्हणून उरेब पट्टी गळ्याला लावण्याआधीच गोल करून घ्यायची. तीनेक सेंटिमीटर रुंदीची पट्टी घ्या, बारीक फवारा मारा. गळ्याचं कागदी कटिंग टेबलावर ठेवा आणि पट्टी त्याच्या गोलाईवर वळवा. जी कड शिवणीत जाणार ती आतल्या बाजूला, गळ्याच्या रेषेवर. मोकळी कड बाहेर. ती नंतर आत दुमडून अंगावर पसरणार आहे, म्हणजे मोठ्या गोलावर बसणार, म्हणून तीच ताणायची. आतल्या कडेला ज्या बारीक चुण्या पडतात त्यांना घाबरू नका, इस्त्रीनं दाबल्या की जिरतात. कागद काढून घ्या आणि इस्त्री वरून ठेवा, पाच-सहा सेकंद थांबा, उचला, पुढे ठेवा. घासू नका! उरेब घासला की लांब होतो आणि लाटांसारखा उठतो. पट्टी पूर्ण गार होईपर्यंत टेबलावरून हलवायची नाही. हाताची मागची बाजू लावून बघा. थंड ओलसर लागली तर अजून सुकलेली नाही.

ब्लाउजच्या गळ्याला मात्र यावेळी पाण्याचा थेंबही लावायचा नाही. गळा गोल कापला की त्याचा बराचसा भाग आपोआप उरेबात येतो. त्यावर भसाभसा वाफ सोडली की तो बोटभर सैल झालाच म्हणून समजा, आणि मग खांद्यावरून उतरतो. व्हिडिओत सांगतात, ‘वाफेचं बटण दाबून धरा’, त्याचा परिणाम हा. कापल्याबरोबर गळ्याच्या कडेला अस्तरासकट एक टीप मारून ठेवा, मग इस्त्री जवळ आणा.

पट्टी शिवल्यावर आधी न उलटता, आहे तशीच टिपेवर कोरडी इस्त्री ठेवा. टीप कापडात बसते. मग मायेला, म्हणजे टिपेबाहेर सोडलेल्या जादा कापडाला, कापे द्या, टिपेला न लागता. पट्टी उलटा, शिवण कडेवरून किंचित आत ओढून घ्या, ओला पंचा घालून दाबा आणि लगेच पंचा काढून कोरडी इस्त्री ठेवा. ती उचलल्याबरोबर त्या जागी गुळगुळीत, बिनपॉलिशचा लाकडी ठोकळा ठेवून गार होईपर्यंत दाबून धरा. लाकूड वाफ शोषून घेतं आणि उष्णता धरून ठेवतं, कड पातळ आणि धारदार येते. माझ्याकडे जुन्या पाटाचा तुकडा आहे, विकत काही आणलेलं नाही. शेवटी कागदी कटिंग गळ्यावर ठेवून माप पडताळा. सैल झाला असेल तर आत्ताच कळू दे.

टक्सना, म्हणजे छातीला उठाव यावा म्हणून शिवलेल्या चुण्यांना, खाली टॉवेलची घट्ट गुंडाळी घ्या, म्हणजे उठाव चपटा होत नाही. बाहीची दुमड सरळ असते, तिथे सांगण्यासारखं काही नाही.

रेशमावर फवारा मारू नका. वाळलेल्या थेंबाची कड दिसत राहते, टसरवर तर हमखास. आधी उरलेल्या चिंधीवर बघा. जरीचा काठ उलट्या बाजूनं, मध्ये सुती कापड घालून, कोरडाच. पॉलिस्टरमध्ये पाणी फारसं शिरतच नाही, तिथे घडी बसते ती उष्णतेनं, आणि चुकीची बसली तर सहजासहजी निघत नाही. त्यामुळे घडी कुठे हवी ते टाचण्या लावून ठरवा, मगच इस्त्री टेकवा.

बोअरवेलचं पाणी वाफेच्या इस्त्रीत घालू नका, भोकांत क्षार साचतात. काम झालं की प्लग काढून टाकी रिकामी करा, नाहीतर पुढच्या वेळी पहिली वाफ निघेल ती पांढऱ्या अस्तरावर तपकिरी ठिपके टाकत.