गॅसची ज्योत पिवळी झाली? पिन हातात घेण्याआधी या चुका टाळा

सकाळी चहा ठेवताना ज्योत पिवळी दिसली की घरात हमखास कुणीतरी म्हणतं, “सिलिंडर संपत आला वाटतं.” आणि लगेच, “पिन आण गं जरा, जेट साफ करू.” ती पिन आणूच नका. जेट म्हणजे ज्यातून गॅस बर्नरकडे सुटतो ते बारीक तोंड. तो पितळेचा असतो आणि त्याचं भोक ठरावीक मापाचं असतं. सुई-पिनेने ते किंचित जरी मोठं झालं, तरी गॅस जास्त आणि हवा तेवढीच, म्हणजे ज्योत कायमचीच पिवळी. मग जेट बदलण्यावाचून इलाज उरत नाही.

मुळात ज्योतीचा रंग इंधनाच्या अंगचा असतो, हाच समज चुकीचा. रेशनचं रॉकेल आठवा. भेसळ पकडता यावी म्हणून त्यात निळा रंग घालत. तेच रॉकेल कंदिलात पिवळं जळायचं आणि पंपाच्या स्टोवर निळं. कंदिलात वातीवरच्या वाफेला हवा बाजूने, सावकाश मिळते. अर्धवट जळलेले कार्बनचे कण तापून पिवळे उजळतात, आणि तिथे आपल्याला उजेडच तर हवा असतो. स्टोमध्ये वाफ आधीच हवेत मिसळून येते, त्यामुळे काजळी धरायला वावच राहत नाही. गॅसच्या शेगडीचंही तेच. एलपीजीमधल्या प्रोपेनला पूर्ण जळायला त्याच्या सुमारे 24 पट हवा लागते, ब्युटेनला 31 पट. ती कमी पडली की भांड्याचं बूड काळं.

पण प्रत्येक पिवळी ज्योत हवेअभावी होत नाही, आणि इथेच बहुतेकजण फसतात. वरण उतू गेल्यावर ज्योत नीट बघा. निळीच्या मधून केशरी ठिणग्यांसारखे झोत उठतात. ते मिठातलं सोडियम. 589 नॅनोमीटरच्या आसपासचा हा पिवळा प्रकाश इतका जोरकस असतो की चिमूटभरही मीठ लागत नाही. कोकणात किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या हवेनेही ज्योतीला अशी झाक येते. चिंच-मीठ लावून घासलेला पितळी बर्नर नीट धुतला नसेल, तर तांब्यामुळे हिरवी झाकही दिसू शकते. यात शेगडीचा काही दोष नाही.

फरक ओळखायचा कसा? स्टीलचा डाव ज्योतीत काही सेकंद धरा. काळा थर बसला तर हवा कमी पडते आहे. डाव स्वच्छ राहिला तर बर्नर फक्त पुसायचा आहे.

काजळी धरली तर रेग्युलेटर बंद करा, शेगडी गार होऊ द्या आणि बर्नर काढून कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा. पूर्ण वाळल्यावरच बसवा, ओला बर्नर तडतडतो. टोपण तिरकं बसलं नाही ना, तेही पाहा. शेगडीखाली, जेटच्या पुढे हवा आत जायची फट असते. तिथे कोळ्याचं जाळं, तेलकट धूळ, कधी झुरळ अडकलेलं असतं. ही फट कुणी बघतच नाही, आणि माझ्या अनुभवात निम्म्या वेळा दुखणं तिथेच असतं. उलट हवा जास्त झाली तर ज्योत बर्नरवरून उचलली जाते आणि फुरफुरते.

सिलिंडर संपत आल्याची शंका अगदीच खोटी नाही. प्रोपेन आधी निघून जातो, शेवटी ब्युटेन जास्त उरतो आणि ज्योतीची टोकं थोडी पिवळी होऊ शकतात. म्हणून सिलिंडर आडवा करणं मात्र जिवावरचा खेळ आहे. नळीत वाफेऐवजी द्रव गॅस शिरतो आणि भडका उडतो.

पाइप गॅस घेतलेल्यांनी जेट बदलून घेतलेच पाहिजेत. पाइपमधला गॅस बहुतांशी मिथेन, त्याचा दाब आणि हवेची गरज वेगळी. पाइप गॅसची शेगडी गावी नेऊन तशीच सिलिंडरला जोडली, तर मोठ्या भोकांतून नको तेवढा गॅस येतो आणि काजळीचा भपकारा उठतो.

शेवटचं, आणि हे मी कळकळीने सांगतो: ज्योत निळी आहे म्हणून गॅस गीझर बंद बाथरूममध्ये लावू नका. बंद खोलीतला ऑक्सिजन कमी झाला की चांगला बर्नरही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडू लागतो. एलपीजीला वास यावा म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन मिसळतात, कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासही नाही आणि रंगही नाही. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणा.