जपानमधे जुना मॅन्शन घेताय? फ्लॅटच्या आधी बिल्डिंगचा हिशोब बघा

आधी एक गंमत, जपानमधे 'मॅन्शन' म्हणजे हवेली नाही, काँक्रीटच्या बिल्डिंगमधला साधा फ्लॅट. साइतामा, चिबा, तोक्योच्या पश्चिमेचं तामा न्यू टाउन अशा भागात असे जुने मॅन्शन अगदी ५०-६० लाख येनलासुद्धा दिसतात, जाहिरातीत ठळक 'यील्ड १२ टक्के' आणि आपण लगेच हुरळून जातो.

ते १२ टक्के म्हणजे नुसतं वर्षाचं भाडं भागिले किंमत, बाकी काही धरलेलंच नसतं. समजा फ्लॅट ५० लाखाचा, भाडं महिना ५० हजार, म्हणजे वर्षाला ६ लाख. त्यातून कानरीही (आपल्या भाषेत मेंटेनन्स) आणि शूझेन त्सुमितातेकिन, म्हणजे रिपेअर फंड, दोन्ही मिळून महिना २४ हजार धरा, वर्षाचे २ लाख ८८ हजार इथेच गेले. भाडं गोळा करणाऱ्या एजंटचे ५ टक्के म्हणजे ३० हजार, प्रॉपर्टी टॅक्स ५० हजार, हातात राहिले २ लाख ३२ हजार. आणि खरेदीचा खर्च धरून लागले जवळपास ५५ लाख, म्हणजे ४ टक्क्यांच्या जरा वर, तेही घर एकही महिना रिकामं नाही राहिलं तर!

म्हणून मी आतले फोटो नंतर बघतो, आधी ब्रोकरकडे बिल्डिंगचे कागद मागतो. मॅनेजमेंट कंपनीचा 'जूयो जिको चोसा होकोकुशो' नावाचा रिपोर्ट असतो, त्यात फंडात किती शिल्लक, किती मालकांची थकबाकी, बिल्डिंगवर कर्ज आहे का, हप्ता वाढणार आहे का हे कळतं. सोबत पुढच्या रिपेअरचा प्लॅन आणि मागच्या दोन-तीन सभांची मिनिट्स पण मागा, खरी भांडणं तिथेच सापडतात 😄 साधारण १२ ते १५ वर्षांनी मोठं रिपेअर येतं, मचाण बांधून बाहेरच्या भिंती, गच्चीचं वॉटरप्रूफिंग वगैरे, फंड रिकामा असेल तर तेव्हा मालकांकडून एकरकमी पैसे मागतात किंवा हप्ता चढवतात. म्हणजे रिपेअर फंडाचा हप्ता फारच कमी दिसला तर खूष होऊ नका. आणि जुन्या मालकाने हे पैसे थकवले असतील तर कायद्याने ते नव्या मालकाकडून पण वसूल करता येतात, त्यामुळे थकबाकी व्यवहाराच्या आधीच मिटवून घ्या.

भूकंपाचं काय? १ जून १९८१ पासून नवे नियम लागू झाले (शिन-ताइशिन म्हणतात), पण तारीख बघायची ती बांधकाम मंजुरीची, पूर्ण झाल्याची नाही. १९८२ ला पूर्ण झालेली बिल्डिंग जुन्या नियमांची असू शकते. अशा बिल्डिंगवर कर्ज मिळणं अवघड आणि उद्या विकताना गिऱ्हाईकही कमी.

जागा बघताना स्टेशनपासून स्वतः चालून बघा. जाहिरातीतलं '१० मिनिटं' हे ८० मीटरला एक मिनिट अशा हिशोबाने असतं, चढ आणि सिग्नल त्यात धरत नाहीत, आणि तामासारख्या भागात चढ म्हणजे चढच आहेत हो. जुन्या पाच मजली दांचीत (एकसारख्या बिल्डिंगांची मोठी वसाहत) बऱ्याचदा लिफ्ट नसते, वरचे मजले स्वस्त का असतात ते पहिल्याच फेरीत कळतं. पुराचा हॅझार्ड मॅप पण बघा.

'ओनर चेंज' लिहिलेलं असेल तर भाडेकरू आत राहतोय, बहुतेक वेळा घर आतून बघता येत नाही. नेहमीच्या करारात त्याला सहजासहजी काढताही येत नाही. त्याचं भाडं आजूबाजूच्या आजच्या भाड्याशी ताडून बघा, तो गेला की नवा तेवढं देईल असं नाही.

ब्रोकरेज ८० लाखांपर्यंतच्या घराला जुलै २०२४ पासून टॅक्स धरून ३ लाख ३० हजारांपर्यंत घेऊ शकतात. घर घेतल्यावर काही महिन्यांनी अ‍ॅक्विझिशन टॅक्सचं (घर मालकीचं झालं म्हणून लागणारा टॅक्स) वेगळं बिल येतं, तेवढे पैसे बाजूला ठेवा. परदेशी माणसाला घर घ्यायला व्हिसाची अट नाही, पण जपानबाहेर राहत असाल तर तिथे टॅक्स एजंट नेमावा लागतो.

विकायचं म्हणाल तर घर पाच वर्षांहून जास्त ठेवलं तर नफ्यावर टॅक्स कमी लागतो, पण ही पाच वर्षं खरेदीच्या तारखेपासून विक्रीच्या तारखेपर्यंत मोजत नाहीत, विक्रीच्या वर्षीच्या १ जानेवारीला पाच वर्षांहून जास्त झालेली लागतात. नाहीतर जपानमधे राहणाऱ्याला नफ्यावर २०.३१५ ऐवजी ३९.६३ टक्के टॅक्स. डिसेंबरात घाई करू नका, १ जानेवारी आधी कॅलेंडरवर मोजून बघा.